गटारी, पापलेट आणि एकसष्ट दिवस

ऑफिसातल्या गँगने गटारीचा प्लॅन ठरवला आणि मासळीचं डिपार्टमेंट माझ्या गळ्यात मारलं. कारण काय, तर मी अंधेरीला राहते आणि वर्सोवा ‘तिथेच तर आहे’. २०२५ची गटारी गुरुवारी, २४ जुलैला येत होती. वर्किंग डेला कोण बसणार? म्हणून आदला रविवार पक्का झाला. मेन्यू एका ओळीचा : फ्राय पापलेट, प्रत्येकी दोन.

तर मंडळी, २० जुलैच्या सकाळी छत्री, रबरी चपला आणि दोन मोठ्या पिशव्या घेऊन मी मेट्रोने वर्सोव्याला उतरले. स्टेशनचं नाव वर्सोवा असलं तरी कोळीवाडा तिथून बराच आत आहे, रिक्षा करावीच लागते. मॉल मागे पडतात, टॉवर मागे पडतात, गल्ल्या अरुंद होत जातात आणि मग एकदम नाकाला कळतं की आपण पोचलो. त्या दिवशी नाकाला काहीच कळलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

खाडीच्या काठाला बोटी ओळीने उभ्या. निळ्या ताडपत्र्यांनी गच्च बांधलेल्या, जणू कुणी घर बंद करून गावाला गेलंय. एका शेडखाली चारपाच जण नायलॉनचं जाळं मांडीवर घेऊन बसलेले. पलीकडे एका बोटीचं इंजिन पार उघडून ठेवलेलं, त्याचे भाग गोणपाटावर पसरलेले. रेडिओवर जुनी गाणी, वर पत्र्यावर पाऊस. पापलेटचा पत्ता नाही.

बाजारात एक मावशी बसली होती. पुढ्यात चिंबोऱ्या, थोड्या तिसऱ्या आणि सुक्या बोंबलांचा ढीग. मी विचारलं, ‘‘मावशी, पापलेट?’’

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मी मे महिन्यात स्वेटर मागतेय.

‘‘बंदी हाय ना बाय. पेपरात काम करतेस म्हणतेस, वाचत नाय काय?’’

वाचलं होतं हो! दरवर्षी आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, यांत्रिक बोटींनी समुद्रात मासेमारी करायची नाही. बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना सूट. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि बऱ्याच जातींच्या माशांचा अंडी घालण्याचा, पिल्लं वाढण्याचा काळही याच सुमाराला येतो. म्हणून ही सुट्टी माशांनाही आणि माणसांनाही. फक्त ती बातमी वाचताना मी तिचा संबंध माझ्या ताटाशी कधी लावला नव्हता. कारण जुलैतसुद्धा हॉटेलात पापलेट मिळतंच की!

‘‘ता बर्फातला,’’ मावशी म्हणाली. ‘‘नायतर तिकडच्या दर्याचा.’’

तिकडचा दर्या म्हणजे बंगालचा उपसागर. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. म्हणजे आपला समुद्र बंद असताना त्यांचा उघडलेला असतो आणि मासळी ट्रकमधून देश ओलांडून येते. थोडक्यात, आपल्याला सुट्टी जाणवू नये याची चोख व्यवस्था आहे.

मावशीला मात्र ती जाणवते. मे महिन्यात आगोटची खरेदी होते तेव्हा तिचं सुकं खपतं : बोंबील, जवळा, सोडे, खारा बांगडा. त्यानंतर पाऊस लागला की गिऱ्हाईक कमी आणि माल त्याहून कमी. जाळं शिवणारे काका म्हणाले, बोट बंद असली तरी खर्च बंद होत नाही. इंजिन, रंग, जाळी, सगळं याच दोन महिन्यांत करायचं, आणि तेही कमाई शून्य असताना. त्यांचे खलाशी पालघरकडे आपल्या गावाला, भात लावायला गेलेले. ‘‘ऑगस्टला परत आले म्हंजे मिळवली,’’ काका म्हणाले.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळासाठी मदत आहे. गरीब मच्छीमाराने स्वतः १५०० रुपये भरायचे, सरकार ३००० घालतं, आणि ते त्याला महिना १५०० असे तीन महिने मिळतात. मी मनातल्या मनात आमच्या गटारीच्या बजेटशी तुलना केली आणि लगेच विषय बदलला.

मला वाटलं होतं, काका बंदीला शिव्या घालतील. झालं उलटंच. ‘‘दोन महिने कमी हायत,’’ ते म्हणाले. पूर्वी महाराष्ट्रात बंदी १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यातलं जे आधी येईल तोपर्यंत असायची. आता कॅलेंडर सरकारी आहे. नारळी पौर्णिमा २०२५मध्ये ८ ऑगस्टला होती, पण २०२३मध्ये अधिक श्रावणामुळे ती थेट ३० ऑगस्टला गेली. दर्याला सोन्याचा नारळ अर्पण करायच्या महिनाभर आधीच बोटी कायद्याने मोकळ्या! बंदी वाढवा, ही मच्छीमारांच्या काही संघटनांचीच मागणी आहे, कारण ऑगस्टच्या सुरुवातीला जाळ्यात येतं ते अर्धवट वाढलेलं पिल्लू.

‘‘मग तुम्ही थांबा ना पंधरा दिवस,’’ मी शहाणपणा केला.

‘‘मी थांबेन. बाजूचा थांबेल काय? आन् ट्रॉलरवाला?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार २०१८मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.९५ लाख टन मासळी आली, २०१९मध्ये २.०१ लाख टन. पंचेचाळीस वर्षांतला नीचांक. त्या वर्षी क्यार आणि महा अशी दोन चक्रीवादळंही येऊन गेली, त्यामुळे सगळं खापर जाळ्यांवर फोडता येणार नाही. पण एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर २०१७पासून बंदी असूनही त्या बोटींच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. काकांसारख्या माणसाने एकसष्ट दिवस इमानदारीत घरी बसायचं आणि उरलेल्या तीनशे दिवसांत कुणी तरी ते उजेडात उपसून न्यायचं, हे गणित मला तरी पटत नाही.

आणि आपण? आपला तर सगळाच आनंद. माशांच्या सुट्टीतच आपण गटारी साजरी करतो, आणि १ ऑगस्टला बोटी सुटतात तेव्हा निम्मं मराठी गिऱ्हाईक श्रावण पाळत असतं.

मी अर्धा किलो सुके बोंबील आणि सहा चिंबोऱ्या घेतल्या. मेट्रोत माझ्या शेजारची सीट अंधेरीपर्यंत रिकामी राहिली. गँगने आधी तोंडं वाकडी केली, मग बोंबलाची चटणी भाकरीबरोबर अशी संपवली की मला चाखायलाही उरली नाही.

निघताना मावशीने एक हिशोब शिकवला होता. २०२३मध्ये पापलेट राज्यमासा झालं आणि त्याच वर्षी सरकारने चोपन्न जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत. आकडा तिला ठाऊक नव्हता, तो मी नंतर शोधला. ती फक्त म्हणाली होती, ‘‘तुझ्या मोबाइलपेक्षा लय बारीक असला तर घेव नको. अंडीपन घातली नसतील त्याने.’’

३ ऑगस्ट, रविवार. घराजवळच्या बाजारात पहिली ताजी पापलेटं आली होती. चकचकीत, स्वस्त, एका ताटलीत आठ. आई श्रावणात, पण मी नाही. मी पर्समधून मोबाइल काढला आणि एका पापलेटच्या शेजारी ठेवला.

‘‘फोटो काढताय काय?’’ विकणारीने हौसेने ताटली पुढे सरकवली.

मोबाइलची दोन बोटं जागा उरली होती. मी म्हटलं, ‘‘बांगडे आहेत का?’’