लांडगा पुढे कुठे गेला?

गोष्ट संपली की मुलांनी तात्पर्य सांगावे आणि शिक्षकाने पुढचे पान उलटावे, ही आमच्या पेशातली जुनी रीत. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट तर मी इतक्या वेळा सांगितली आहे की, त्या खोटारड्या पोराची ओरड मला एखाद दिवशी झोपेतही ऐकू यायची! त्या दिवशीही पाचवीच्या वर्गात गोष्ट संपली, ‘खोटे बोलू नये’ हे तात्पर्य चाळीस मुलांनी एका सुरात म्हटले, आणि रिवाजाप्रमाणे सारा वर्ग मागच्या बाकाकडे वळून खिदळला. कारण मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाचे आडनाव लांडगे.

लांडगे हसला नाही. उभा राहून म्हणाला, “बाई, पण लांडगा पुढं कुठं गेला?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आणि खरे सांगायचे तर मलाही तो पडला नव्हता. “उद्या सांगते,” असे शिक्षकांचे ठेवणीतले उत्तर देऊन मी वेळ मारून नेली.

घरी येऊन वाचू लागले आणि चकितच झाले. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इंग्रजी अमलाखाली दोन लाखांवर लांडगे मारले गेले. लांडगा मारून आणणाऱ्याला सरकार रोख इनाम देई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाच्या पंक्तीला बसवले खरे. पण वाघाचा थाट त्याच्या वाट्याला आला नाही. २०२२ च्या गणनेत देशातले वाघ साडेतीन हजारांवर भरले. लांडगे मात्र तीन हजारांच्या आसपासच असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. शिवाय वाघाला जंगल आहे. लांडगा राहतो पुणे, सोलापूर, सातारा इकडच्या उघड्या माळावर. आणि माळ म्हणजे सरकारी दप्तरात ‘पडीक’ जमीन! तिथे कारखाने उभे राहतात, प्लॉट पडतात, पाणी आले की ऊस येतो. पुण्याकाठी तर आमच्यासारखी सज्जन माणसेही पावसाळ्यात हौसेने रोपे घेऊन माळावर जातात आणि त्या गवताच्या राज्यात झाडे लावून पुण्य जोडतात. उरलेसुरले गावातली मोकाट कुत्री करतात. त्यांचे रोग लांडग्यांना लागतात आणि त्यांच्याशी संकर होऊन लांडग्याचे लांडगेपणच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी हे सारे मी वर्गात रंगवून सांगितले. माणसाला तो खातो का, या प्रश्नाला मात्र बगल दिली नाही. उत्तर प्रदेशात बहराइचकडे २०२४ साली लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली, हे सांगितले. आणि आपल्याकडच्या माळावर तो माणूस दिसताच सहसा पळ काढतो, हेही सांगितले. तास फार छान झाला. आठवडाभरात भिंतीवर ‘लांडगे वाचवा’ची चित्रे लागली आणि लांडगे वर्गाचा मानकरी झाला. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

म्हणून मुलांना घेऊन सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याकडे सहल काढली. दूरवर चिंकारा हरणे दिसली. ओढ्याच्या ओल्या मातीत कुत्र्याच्या पायांसारखे ठसे दिसले. लांडगा काही दिसला नाही. परतताना वाटेत एक म्हातारे धनगर मेंढरे चारताना भेटले. आमची एक चुणचुणीत मुलगी पुढे झाली आणि पाठ केल्यासारखे म्हणाली, “आजोबा, लांडग्याला मारू नका हं. ते फार थोडे उरलेत.”

म्हाताऱ्यांनी घोंगडे सावरले. म्हणाले, “न्हाई मारत, बाळा. पर परवा रातच्याला त्यानं वाघरीतनं माजं कोकरू नेलं. त्याचं पैसं तू देशील?”

मुले गप्प. मी घाईघाईने वनखात्याच्या भरपाईचे बोलले.

“मिळती की, बाई. पर पंचनाम्यासाठी एका जागी थांबाया लागतंय. आमी आज हितं, उद्या तिथं.”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शहरातल्या पंख्याखाली बसून मी चाळीस मुलांना लांडग्याची दया शिकवली होती. त्या दयेचे बिल कोण भरतो, हे शिकवायचे राहूनच गेले होते.

तेवढ्यात लांडगेने विचारले, “आजोबा, तुम्हाला राग नाही येत त्याचा?”

“येतो की. कुत्री पाळल्यात, आळीपाळीनं जागतो. पर माज्या बापाच्या वक्ताला ह्या माळाला शेवट नव्हता बग. हरणं, ससं, बक्कळ. आता जिकडं बघावं तिकडं तारंचं कुंपण. मग त्यानं खावं काय, अन् म्या चारावं कुठं? दुखणं आमचं दोघांचं येकच हाय.”

परतीच्या बसमध्ये गाण्याच्या भेंड्या झाल्या नाहीत.

सहामाहीच्या पेपरात मी प्रश्न घातला : ‘लांडगा वाचवण्यासाठी तुम्ही काय कराल?’ पाच मार्क. बहुतेकांनी मीच सांगितलेले मला सुवाच्य अक्षरात परत केले. लांडगेने तीनच ओळी लिहिल्या होत्या : ‘मी आधी माळ वाचवीन. आजोबांचे कोकरू गेले तर त्यांना लगेच, ते असतील तिथे जाऊन पैसे देईन. मग लांडगा पुढे कुठे जाणार नाही.’

शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. पाचपैकी पाच मार्क देऊन मी पुढचा पेपर ओढला.