सवलत आणि आळस

1 ऑक्टोबर 1964 रोजी तोक्यो ते शिन-ओसाका मार्गावर ताशी 210 किलोमीटर वेगाने धावू लागलेल्या शिनकान्सेनच्या शून्य मालिकेची एन मापातली (एकास 160) प्रतिकृती समोर आली की परीक्षकाचा हात आधी कॅलिपरकडे जातो. डब्याची लांबी 25 मीटर, भागिले 160, म्हणजे 156 मिलिमीटर आणि वर थोडं. रुंदी 3.38 मीटर, म्हणजे 21 मिलिमीटरला टेकलेली. आकडे जुळले की ‘मापात चोख’ असा शेरा मारून मोकळं व्हायचं. हे निम्मं काम झालं, आणि तेही त्यातलं सोपं निम्मं. माप कितीही चोख असलं तरी प्रत्येक प्रतिकृती कुठे ना कुठे खोटं बोलतेच. त्यातलं कोणतं खोटं तिला परिस्थितीने बोलायला लावलं आणि कोणतं कारखान्याच्या आळसातून आलं, हे वेगळं काढून दाखवणं हे माझ्या मते परीक्षणाचं खरं काम.

परिस्थितीने लादलेलं सगळ्यात मोठं खोटं वळणाचं. वेग टिकवायचा म्हणून तोकाइदो मार्गावर वळणाची त्रिज्या सहसा 2500 मीटरच्या खाली जाऊ दिली नाही. एकास एकशेसाठ या हिशेबाने ती साडेपंधरा मीटर भरते, आणि एवढी जागा एखाद्या कार्यालयाच्या हॉलमध्येच मिळायची. घरातल्या टेबलावर 315 मिलिमीटर त्रिज्येचं वळण ही नेहमीची गोष्ट. त्याचा पूर्ण गोल जेमतेम दोन मीटरचा होतो, तर सुरुवातीचा 12 डब्यांचा रेकच 1.87 मीटर लांब. त्या गोलात गाडी स्वतःचीच शेपूट पकडायला जाते. 1970 च्या ओसाका एक्स्पोसाठी या मार्गावरच्या हिकारी गाड्या 16 डब्यांच्या झाल्या, तो अडीच मीटरचा रेक तर गोलात मावतच नाही. एवढ्या तीव्र वळणावर डबे एकमेकांना घासू नयेत म्हणून कारखान्याला दोन डब्यांमध्ये फट ठेवावी लागते. ही सवलत मी बिनतक्रार देतो. मात्र ती लागेल तेवढीच घेतली आहे का, हे पाहतो. वळणावर लांबणारा आणि सरळ रुळावर आखडणारा कपलर आता बाजारात सर्रास मिळतो. तो न वापरता सरळ रुळावरही तीन-चार मिलिमीटरची भगदाडं ठेवली असतील, तर रेक एकसंध वाटत नाही, सुटे डबे ओळीने मांडल्यासारखे दिसतात. वेगासाठी घडवलेल्या गाडीत हे खपत नाही.

दुसरी कसोटी नाकाची. या गाडीच्या रूपाला आकार देणारे तादानाओ मिकी युद्धकाळात विमानांचे आराखडे करत होते. त्यामुळे हे नाक केवळ शोभेचं नाही, हवेशी केलेल्या हिशेबातून ते आलं आहे. मिलिमीटरची किंमत कळते ती इथे. चालकाच्या काचेची खालची कड अर्ध्या मिलिमीटरने वर सरकली, तर खऱ्या गाडीत ती 80 मिलिमीटर वर गेल्यासारखं होतं आणि चेहरा थेट शहरी बसचा दिसू लागतो. गंमत म्हणजे ही चूक वरून पाहताना लपते. आपण प्रतिकृती पाहतो ती पक्ष्याच्या नजरेने, आणि खरी गाडी लोकांनी पाहिली ती फलाटावरून. म्हणून छपरावरच्या पँटोग्राफांचं कौतुक करण्याआधी डोळा रुळाच्या पातळीला आणून समोरून पाहावं.

नाकाच्याच टोकावर एक असा तपशील आहे, की त्यावर एकच शेरा कधी बरोबर ठरतो आणि कधी चूक. अगदी पहिल्या गाड्यांच्या टोकावरचं गोल झाकण अर्धपारदर्शक ॲक्रिलिकचं होतं आणि पुढच्या दिव्यांचा उजेड त्यातून झिरपायचा. पुढे ते फुटण्याची कटकट नको म्हणून फायबरचं अपारदर्शक झाकण आलं. प्लास्टिकच्या प्रतिकृतीत आतला दिवा लावला की टोक उजळतं. प्रतिकृती 1964 ची असेल तर ही वाखाणण्याजोगी बारकाई. सत्तरच्या दशकातल्या गाडीत तोच उजेड दिसला तर आतून रंगाचा थर द्यायचा कंटाळा केला, एवढाच त्याचा अर्थ. खिडक्यांचंही तसंच. आधी दोन रांगांना मिळून एक रुंद खिडकी असे. 1976 पासूनच्या डब्यांत प्रत्येक रांगेला स्वतंत्र छोटी खिडकी आली. भोजनयानात तर मोठा विनोदच झाला होता. जेवणाची टेबलं समुद्राच्या बाजूला, डोंगराच्या बाजूला ये-जा करायची बोळ, आणि मध्ये कोरी भिंत. फुजी पर्वत दिसतो तो नेमका डोंगराच्या बाजूने. प्रवाशांनी कुरकुर केली तेव्हा त्या भिंतीला खिडक्या पाडल्या गेल्या. प्रतिकृतीच्या रुंद बाहेरच्या काचेतून ही आतली भिंत दिसते. ती कोणत्या काळातली आहे हे ठरवायला कारखान्याला वळणाची अडचण नाही की जागेची. इथे चुकलं तर सवलत कसली द्यायची?

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की कॅलिपर पक्षपात करत नाही, ‘सवलत’ आणि ‘आळस’ ही मात्र परीक्षकाची मर्जी. आक्षेपात तथ्य आहे. पण काय मोजायचं हे कॅलिपर सांगत नाही. ते आपणच ठरवतो आणि ठरवलं हे विसरतो. शिवाय लादलेल्या तडजोडीलाही हिशेब असतो. खऱ्या गाडीत प्रत्येक आसाला मोटार होती. वजन एकाच इंजिनात न साठता सगळ्या रेकभर वाटलं जावं हा मुख्य अभियंते हिदेओ शिमा यांचा आग्रह. टेबलावर बहुधा एकाच डब्यात मोटार असते आणि बाकीचे ओढले जातात. हे मान्य. पण ती मोटार खिडक्यांच्या रेषेखाली बसवता येते. तरीही रुंद खिडकीतून आसनांऐवजी काळा ठोकळा दिसत असेल, तर तो आळस आहे हे ठरवायला माझी मर्जी लागत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: बहुतेक गाड्या कपाटात उभ्याच राहतात, मग धावण्याची कसोटी कशाला? कपाटातल्या गाडीसाठीही ती लागते, कारण हिचा आकारच धावण्यातून आलेला आहे. निदान एकदा तरी पूर्ण रेक जोडून, सरळ रुळावर, योग्य वेगाने सोडून पाहावा. योग्य वेग म्हणजे ताशी 210 चा एकशेसाठावा भाग, सेकंदाला 36 सेंटिमीटर. बारा डबे डोळ्यांसमोरून जायला पाच सेकंद लागायला हवेत. बरेच जण याच्या दुप्पट वेगाने गाडी पळवतात आणि मग डुगडुगते म्हणून तक्रार करतात. तो दोष नियंत्रकावरच्या हाताचा. पाच सेकंदांतही निळा पट्टा डब्याडब्यागणिक खालीवर होताना दिसला, तर चाकांवरची बैठक सारखी नाही हे समजावं. सुट्या डब्यात हे कधीच कळत नाही.

आपल्याकडे हा विवेक आणखी गरजेचा आहे. भारतीय ब्रॉड गेज 1676 मिलिमीटर. एचओ मापात ती 19 मिलिमीटरहून थोडी जास्त भरते, पण तयार रूळ मिळतो साडेसोळाचा. त्यामुळे आपल्या इंजिनांच्या प्रतिकृती अरुंद रुळांवर उभ्या असतात आणि परीक्षकाला तिथे सूट द्यावीच लागते. मात्र त्या एका सुटीच्या आडोशाने चुकीचा रंग, चुकीची जाळी, भलत्याच विभागाची अक्षरं असं बरंच काही खपवलं जातं. मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेमार्ग जपानसारख्याच 1435 मिलिमीटर गेजवर बांधला जातोय. त्या गाडीची प्रतिकृती येईल तेव्हा रुळाची सबब कुणालाच सांगता येणार नाही, आणि परीक्षण पहिल्याच ओळीपासून कडक करता येईल.