चान्स किती, आत्या?

दिल्ली,
जून

चि. सई,


तुझा मेसेज मिळाला. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला किती टक्के चान्स आहे, असं विचारलंस आणि खाली कुठल्याशा ‘प्रेडिक्टर’ने काढून दिलेला आकडाही पाठवलास: 62 टक्के. फोनवर ‘होईल गं’ म्हणून मोकळी झाले असते, पण मग तू त्या 62 कडे रोज बघत बसली असतीस. म्हणून लिहिते आहे.

सीयूईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, निकाल अजून लागलेला नाही. यंदा कोण किती गुण मिळवून कुठल्या कॉलेजला पहिली पसंती देणार, हे त्या मुलांनाही अजून ठरवता आलेलं नाही. आणि हा प्रेडिक्टर साठ नाही, पासष्ट नाही, नेमका 62 सांगतो! एवढ्या नेमकेपणानेच मला संशय आला. त्याला तुझा मोबाइल नंबर हवा होता आणि तो त्याला मिळाला. आता ‘काउन्सेलिंग पॅकेज’चे फोन येतील, ते उचलू नकोस.

तुझ्या चान्सचा सगळ्यात मोठा भाग तू अकरावीतच निकाली काढलास, हे मात्र कुणी तुला सांगितलेलं दिसत नाही. कॉमर्सला प्रवेश घेताना मॅथ्स की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस), हा प्रश्न आला तेव्हा तू मॅथ्स घेतलंस. वर्गातल्या निम्म्या मुलींनी एसपी घेतलं, कारण ते सोपं. दिल्लीच्या इकॉनॉमिक्स ऑनर्सला गणित सक्तीचं आहे, आणि सीयूईटीतला जो विषय मोजायचा तो बारावीलाही असावा लागतो. त्यामुळे एसपीवाल्या मुलीने सीयूईटीत कितीही गुण आणले तरी या कोर्ससाठी तिचा चान्स शून्य. तुझा शून्य नाही. बाकी सगळी चर्चा या एका गोष्टीनंतरची.

मराठीचा पेपर दिलास हेही बरं केलंस. या कोर्ससाठी एक भाषा, गणित आणि आणखी दोन विषय असे चार पेपर मोजतात, आणि सीयूईटीच्या 13 भाषांत मराठी आहे. इंग्रजीत कमी पडले तर मराठी कामाला येईल. वर्गात मात्र इंग्रजी आणि हिंदीच ऐकायला मिळेल, त्याची मानसिक तयारी ठेव.

दादा, म्हणजे तुझा बाबा, फोनवर पुन्हापुन्हा विचारत होता, ‘बारावीला 91 टक्के आहेत, तेवढ्यावर होईल ना?’ त्याच्या डोक्यात अजून जुनी दिल्ली आहे. 2021 पर्यंत बारावीच्या टक्क्यांवर कटऑफ लागायचे आणि शेवटी शेवटी ते 100 टक्क्यांना जाऊन टेकले होते. 2021 मध्ये हिंदू कॉलेजच्या राज्यशास्त्र ऑनर्सचा पहिला कटऑफ 100 होता, आणि केरळच्या बोर्डातून पैकीच्या पैकी गुण घेऊन आलेली मुलं एवढी होती की त्यावरून मोठा वाद पेटला. एका बोर्डाचे 95 आणि दुसऱ्याचे 95 सारखे मानायचे की नाही, या भांडणाला उत्तर नव्हतं. 2022 पासून सीयूईटी आली. आता बारावी पास व्हावं लागतं, आणि दोघांचे गुण अगदी सारखे आले तर बारावीकडे बघतात. म्हणजे तुझे 91 टक्के वाया गेले नाहीत, पण दार त्यांच्याने उघडत नाही. दादाला हे जरा हळू सांग, पेढे त्याने त्याच आकड्यावर वाटलेत.

आता गुणांबद्दल. मागच्या वर्षांचे आकडे शोधशील तेव्हा आधी ते कितीपैकी आहेत ते बघ. 2025 मध्ये प्रत्येक पेपर 250 गुणांचा झाला, चार पेपर मिळून 1000. त्याआधी पेपर 200 चा होता, बेरीज 800. लोक दोन्ही आकडे एकाच तक्त्यात घालतात आणि मग ‘यंदा कटऑफ दोनशेने वाढला’ म्हणून घाबरतात. दुसरं, तुझ्या निकालपत्रावर पर्सेंटाइलही असेल. त्यावर भाळू नकोस आणि रडूही नकोस. दिल्ली विद्यापीठ नॉर्मलाइज केलेल्या गुणांची बेरीज घेतं. एकाच विषयाची परीक्षा वेगवेगळ्या शिफ्टमध्ये झाली, एक पेपर सोपा गेला, एक अवघड, म्हणून गुण समपातळीला आणतात. उत्तरतालिका घेऊन घरी मोजलेली तुझी बेरीज आणि कागदावर येणारा आकडा जुळणार नाही. वर किंवा खाली, कुठेही सरकेल.

आणि समजा सगळं जुळलं, मागच्या वर्षी अमुक कॉलेजात शेवटची जागा अमुक गुणांना गेली हेही कळलं, तरी तो आकडा काय सांगतो? आपल्या लातूरच्या आडत बाजारात काल सोयाबीनला जो भाव लागला तो खरा असतो. काल विकलेल्या मालाचा. आज किती गाड्या येणार, खरेदीदार किती उभे राहणार, यावर आजचा भाव. मागच्या वर्षीचा शेवटचा आकडा हा त्या वर्षीच्या मुलांच्या आवडीनिवडींतून उरलेला असतो. कॉलेजने ठरवलेली ती पात्रता नसते. त्यातही बहुतेक जण पहिल्या फेरीचा आकडा बघून निराश होतात. नंतरच्या फेऱ्यांत मुलं वरच्या कॉलेजात सरकतात, कुणी मुंबईला जातं, कुणी इंजिनिअरिंगला, आणि आकडा उतरतो. श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स, हिंदू, लेडी श्रीराम अशा ठिकाणी थोडाच उतरतो, मधल्या कॉलेजांत बराच.

विद्यापीठ लहान असतं तर कदाचित अंदाज बांधता आला असता. 1922 मध्ये ते सुरू झालं तेव्हा सेंट स्टीफन्स, हिंदू आणि रामजस अशी तीनच कॉलेजं होती. आता पदवीच्याच जागा सत्तर हजारांच्या आसपास आहेत. (मध्येच एक सांगते, तुझ्या बाबाला आवडेल. 1962 ते 1967 या काळात इथले कुलगुरू आपले सी. डी. देशमुख होते. ते 1912 च्या मॅट्रिकला पहिले आलेले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारे. त्यांच्या वेळेला चान्स किती असं त्यांना कुणी विचारलं नसावं.)

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसले ते. निकालानंतर तुला पसंतीयादी भरायची आहे, कोर्स आणि कॉलेज अशा जोड्यांची. त्यासाठी दादाने सांगितलेलं धोरण मला वहिनीकडून कळलं: ‘हमखास मिळेल ते वर टाक, उगाच मोठ्या कॉलेजांच्या नादी लागून हातचं जाऊ देऊ नकोस.’ इथे तू ऐकायचं नाहीस. संगणक गुणांच्या क्रमाने मुलं घेतो. तुझी पाळी आली की तुझ्या पहिल्या पसंतीपासून खाली येत जातो आणि जिथे तुझ्या प्रवर्गात जागा शिल्लक असेल तिथे थांबतो. हिंदू पहिलं, मिरांडा दुसरं, गार्गी सातवं लिहिलंस म्हणून गार्गी हातची जात नाही. तुझ्यापेक्षा कमी गुणांच्या मुलीने गार्गी पहिल्या क्रमांकावर लिहिलं तरी ती तुझ्यापुढे जात नाही. उलट गार्गी वर टाकलंस आणि ते मिळालं, तर त्याखाली लिहिलेलं मिरांडा कायमचं गेलं. वरच्याच पसंतीकडे सरकता येतं, खालच्या नाही.

म्हणजे यादीच्या वरच्या भागात चान्सचा विचारच करायचा नाही. तिथे फक्त आवड. दोन टक्के शक्यता असली तरी हवं असेल तर लिही, त्याला पैसे पडत नाहीत. पहिल्या फेरीआधी विद्यापीठ अंदाजी क्रमांक दाखवतं आणि यादी बदलायला थोडा वेळ देतं. तेव्हाच घरोघरी घबराट होते आणि मुलं वरची नावं पुसून टाकतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने असंच केलं, आणि ज्या कॉलेजचं नाव पुसलं तिथे नंतरच्या फेरीत तिच्यापेक्षा कमी गुणांना प्रवेश मिळाला. तुझा क्रमांक काहीही येवो, त्या दिवसांत खाली नावं वाढव, वरची पुसू नकोस.

चान्सचा हिशोब करायचा तो यादीच्या तळाशी. मिळालेली जागा दिलेल्या मुदतीत घेतली नाही तर या प्रक्रियेतून बाहेर, ‘पुढच्या फेरीत बघू’ चालत नाही. घेतल्यावर मग ‘अपग्रेड’ मागता येतं. तेव्हा खाली काय लिहायचं ते फार प्रामाणिकपणे ठरव. काही कॉलेजं अलीपूर, बवाना अशी शहराच्या टोकाला आहेत. सगळ्या कॉलेजांना वसतिगृह नाही, आणि जिथे आहे तिथेही कॉलेज मिळालं म्हणजे खोली मिळाली असं नसतं, त्याची यादी वेगळी. विजयनगर किंवा सत्यनिकेतनमधल्या पीजीचा खर्च दादाला झेपेल का, हे आधी बोलून घ्या. इकॉनॉमिक्स ऑनर्स नाही मिळालं तर बीए प्रोग्राममध्ये अर्थशास्त्र हा एक विषय घेऊन यायला तू तयार आहेस का? मुलींची म्हणून असलेली कॉलेजं (मिरांडा, इंद्रप्रस्थ, दौलतराम, कमला नेहरू, मैत्रेयी) तू तुच्छतेने मोजलीस असं मला वाटलं. तुला ती जादाची दारं आहेत, मुलांना नाहीत. आणि फर्ग्युसनमध्ये अर्थशास्त्र घेऊन पुण्यात राहणं तुला ज्या कॉलेजपेक्षा बरं वाटेल, त्याच्या आधीच यादी थांबव. पुण्याचा अर्ज मात्र आजच भरून ठेव. इथल्या फेऱ्या चालू असताना तिथले प्रवेश तुझ्यासाठी थांबत नाहीत.

राहिला प्रवर्ग, आणि इथे घाई आहे. दादाने धावपळ करून काढलेलं एसईबीसीचं प्रमाणपत्र महाराष्ट्रापुरतं. केंद्रीय विद्यापीठात एसईबीसी नाही. आपल्याला मिळालंच तर ईडब्ल्यूएस, तेही केंद्राच्या नमुन्यात आणि या आर्थिक वर्षातलं. उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. पण पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी ईडब्ल्यूएस मिळत नाही. आजोबांच्या नावची जमीन अजून वाटली गेलेली नाही, सातबाऱ्यावर दादाचा हिस्सा किती धरतात ते तलाठ्याला विचारावं लागेल. कुणबी नोंद सापडली तर गोष्ट वेगळी, कुणबी केंद्राच्या ओबीसी यादीत आहे.

तुझ्या मैत्रिणीलाही सांग. ती वंजारी, आपल्याकडे एनटी-डी. दिल्लीत एनटी-डी असा रकानाच नाही, म्हणून तिने ‘जनरल’ भरायचं ठरवलंय म्हणालीस. वंजारी केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. तिने केंद्राच्या नमुन्यातलं, नॉन-क्रीमी लेयरचं, 31 मार्चनंतरच्या तारखेचं प्रमाणपत्र काढलं तर तिला 27 टक्क्यांतली जागा मागता येते. इथे प्रवेशाचे कागद तपासायला बसलं की दरवर्षी महाराष्ट्राची मुलं राज्याच्या नमुन्यातली प्रमाणपत्रं घेऊन आलेली दिसतात. मूल हुशार, गुण चांगले, आणि मुदत दोन दिवसांची. तेवढ्यात लातूरहून नवा कागद येत नाही.

तेव्हा दादाला सोमवारीच सेतू केंद्रात पाठव. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, तुझा शाळा सोडल्याचा दाखला सोबत असू दे, आणि केंद्राचा नमुना छापून हातात दे, नाहीतर तिथले लोक सवयीने राज्याचा भरतात. यादी तू एकटीने कर आणि मला पाठव. मी कॉलेजांचे पत्ते, मेट्रो, वसतिगृह एवढंच बघेन, क्रम बदलणार नाही. वहिनीला नमस्कार. धाकट्याने दहावीनंतर काय घ्यायचं ते ठरवलं का, तेही कळव.

तुझी,
आत्या