मण्यांच्या तळव्यांचं देणं

जुनी वस्तू आधी उलटी करून पाहायची, मग आतून, हे मला अमेरिकेच्या दक्षिण डकोटातल्या, लकोटा या मूलनिवासी समाजातल्या एका आजींनी शिकवलं. पाइन रिज या लकोटांच्या राखीव प्रदेशात सगळे त्यांना ‘उन्ची’, म्हणजे आजी, म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्या मला ‘तकोझा’ म्हणत, नातवंडाला म्हणतात तसं.

एका संग्रहालयात मी जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करत होते. टेबलावर १८९०च्या सुमाराचे मोकॅसिन, म्हणजे कातडी जोडे, होते. वरचं कातडं मऊ, तळ कच्च्या कातड्याचा, पांढऱ्या मण्यांवर निळे-लाल त्रिकोण, आणि तळव्यांनाही मणी. नोंदीत लिहिलं होतं: मृताच्या पायांत घालायचा जोड. उन्चींनी तो उलटा केला आणि टाचेपाशी बोट टेकवलं.

“इथले मणी झिजलेत, तकोझा. हा कुणीतरी चालून वापरलाय. आपलं माणूस किती लाडकं आहे, ते तळव्यापर्यंत सांगायचं असतं.”

हे बोलताना त्यांचा आवाज चढला होता. २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नीला अमेरिकी सैन्याने लकोटांची कत्तल केली, त्यात त्यांच्या घरातली माणसं गेली होती. त्यांच्या लोकांची प्रत्येक सुंदर वस्तू मरणाच्या खात्यात टाकली जाते, याचा त्यांना संताप येई. ती नोंद आम्ही बदलली.

मग त्यांनी मला आत पाहायला लावलं. तळाच्या आतल्या बाजूला पुसट हिरव्या रेघा होत्या. सामान ठेवायची रंगवलेली कातडी पेटी जुनी झाली, तेव्हा तिच्याच कातड्यातून हा तळ कापला होता. टाका कसा घालायचा, तेही त्यांनीच दाखवलं. आरीने भोक पाडायचं, जनावराच्या पाठीचा स्नायुबंध चिरून, ओला करून, वळून त्याचा दोरा करायचा आणि तो कातड्याच्या जाडीतूनच न्यायचा, आरपार नाही. मग आत पायाला काही टोचत नाही. सात-आठ मणी एका टाक्यात ओवले की ओळ किंचित उंचावते. मणी व्हेनिसचे, बोहेमियाचे, व्यापाऱ्यांनी आणलेले. त्याआधी हेच काम साळिंदराच्या काट्यांनी होई. मला तर वाटतं, काचेचे मणी आले तरी हात काट्यांचंच गणित मांडत राहिले.

मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरी गावच्या संग्रहालयाने २०२२च्या नोव्हेंबरमध्ये लकोटांच्या सुमारे दीडशे वस्तू परत केल्या. त्यांत मोकॅसिनही होते, आणि काही वस्तू वूंडेड नीच्या मृतांच्या अंगावरून काढलेल्या असल्याचं मानलं जातं. उन्चींना ते पाहायला मिळालं नाही.

त्यांच्या वर्षश्राद्धाला घरच्यांनी सगळ्यांना वस्तू वाटल्या. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, तेच तिथे देतात. मीही आईची इरकली साडी वाटायच्या वस्तूंच्या ढिगात ठेवली होती. त्यांच्या मुलीने माझं नाव पुकारून चांदणीच्या नक्षीची गोधडी माझ्या खांद्यांवर घातली. साडी मिळाली रोझबड राखीव प्रदेशातून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना. त्यांनी ती तिथल्या तिथे शालीसारखी पांघरली आणि ढोल सुरू होताच रिंगणात उतरल्या.