तार बदलली, लोकल चालूच राहिली

मंडळी, मागचे तीन शनिवार-रविवार इथे काहीच लिहिलं नाही. कारण ऑफिस. आणि ऑफिसमधल्या घोळाचं कारण मी स्वतः. आज तेच सांगतो. जावा येत नसेल तरी वाचा, पुढे लोकल आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वेब फ्रेमवर्कमधले कंपोनंट (टेबल, यादी, फॉर्म वगैरे) कसे बांधायचे हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी एक झकास क्लास लिहिला, 'बेसविजेट'. लॉगिन, परवानग्या, डेटाबेस, सगळं त्यातच कोंबलं. टीमला सांगितलं, डोळे मिटून हा एक्स्टेंड करा. सगळे खूश. बघता बघता 38 विजेट झाले.

मग तक्रार आली की टेबल फार हळू चालतं. 'बेसविजेट' एकेक ओळ आणायला 'लोड' ही मेथड बोलवायचा. मी शहाणपणा करून सगळ्या ओळी एकदम आणणारी 'लोडऑल' लिहिली आणि 'लोड'ला बोलावणं बंद केलं. कंपायलर गप्प. टेस्ट हिरव्या. पण एका विजेटने 'लोड' ओव्हरराइड करून त्यात खाते क्रमांकाचे आकडे झाकले होते. त्या कोडला आता कोणी विचारतच नव्हतं! चाचणीत एका टेस्टरला अख्खे खाते क्रमांक दिसले. नशीब, डेटा खोटा होता. पण रिलीज दोन दिवसांवर.

38 विजेट उघडून एकेक तपासायचे. तारीख 31. बाबांचा रेल्वेतला शेवटचा दिवस, कल्याणला चार वाजता निरोपसमारंभ. मी डोंबिवलीला घरी पोचलो रात्री साडेदहाला. हार टेबलावर, शाल घडी करून ठेवलेली. बाबा काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. इंटरफेस म्हणजे नुसता करार, काय करायचं ते लिहिलेलं, कसं करायचं ते नाही. काँक्रीट क्लास म्हणजे ते प्रत्यक्ष करणारा. जोशुआ ब्लॉक यांच्या 2001 सालच्या 'इफेक्टिव्ह जावा' पुस्तकात बजावलेलंच आहे की वारसा जपून घ्या, इंटरफेस वापरा. कॉलेजात वाचलं होतं, पेपरापुरतं. आता रविवारी सकाळी बसून कागदावर 40 इंटरफेस काढले. प्रत्येकाखाली एकच क्लास.

बाबांनी चहा ठेवताना विचारलं, "हे काय रे?" बाबा ओएचईवाले, म्हणजे गाडीवरच्या तारेचं काम बघणारे. मी जमेल तसं समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या डीसी-एसीसारखं."

मुंबईत पहिली विजेची गाडी धावली 3 फेब्रुवारी 1925 ला, व्हीटी ते कुर्ला, 1500 व्होल्ट डीसीवर. पुढे देशात बाकी ठिकाणी 25,000 व्होल्ट एसी आलं. आपल्याकडेही ते आणायचं ठरलं, पण लोकल बंद ठेवून नाही. मग आधी तारेला हात न लावता दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. त्या पांढऱ्या-जांभळ्या सीमेन्सच्या गाड्या आठवतात ना? त्याच. मग टप्प्याटप्प्याने, बाहेरून आत, तार बदलली. ठाणे ते एलटीटी जानेवारी 2014, तिथून सीएसटी (तेव्हा सीएसटीच होतं) जून 2015, हार्बर एप्रिल 2016. बाबा रात्रीच्या ब्लॉकला जायचे, आणि ते सकाळी परतताना मी कॉलेजला निघालेला असायचो. डब्यात कोणाला पत्ताही नाही की डोक्यावर काय बदललं.

मी खूश. "म्हणजे सगळ्याला इंटरफेस पाहिजेच ना!"

"सगळ्याला कशाला? दोन्हीवर चालणारी गाडी महाग पडते. जे बदलणार आहे तिथे लावायची. रुळांमधलं अंतर 1853 पासून 1676 मिलीमीटर आहे. त्यासाठी कोणी लहान-मोठी होणारी चाकं बसवली का?"

मी गप्प. मग म्हणाले, "आणि करार कागदावर असला तरी भोवतालचं बघावं लागतं. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल आठवतो? 25,000 व्होल्टच्या तारेला मोकळी जागा जास्त लागते. पूल बुटका. खालून गाड्या हळू न्याव्या लागायच्या. शेवटी जानेवारी 2016 मध्ये पूल पाडला."

माझा तो 'लोड' ओव्हरराइड करणारा विजेट म्हणजे अगदी हाच पूल. करारात नसलेल्या गोष्टीवर टेकलेला.

सोमवारी 40 पैकी 37 इंटरफेस खोडले. उरले तीन. डेटा कुठून येतो (आज डेटाबेस, पुढच्या वर्षी वेगळी सर्व्हिस), परवानगी कोण देतो (लॉगिन बदलतंय), आणि आकडे कसे झाकायचे. हे तिन्ही विजेटला बाहेरून द्यायचे, वारशाने नाही. बाकी सगळे साधे काँक्रीट क्लास. तारखेचा फॉरमॅट करणाऱ्याला इंटरफेस कशाला? लागला तर तेव्हा काढू. जुन्या विजेटना मध्ये एक अडॅप्टर लावला, दोन्ही तारांवर चालणाऱ्या गाडीसारखा, आणि आठवड्याला दहा-बारा असे हलवत गेलो.

इंटरफेसही फुकट नसतो हं. त्यात एक मेथड वाढवली की तो पाळणारे सगळे क्लास मोडायचे. 2014 मध्ये जावा 8 ने डिफॉल्ट मेथड दिल्या तेव्हा कुठे थोडी सोय झाली. बाराची गाडी पंधरा डब्यांची करायची तर आधी फलाट वाढवावे लागतात, तसंच. म्हणून करार छोटा ठेवावा.

असो. शेवटचा विजेट गुरुवारी हलवला. वापरणाऱ्यांपैकी कोणालाच काही कळलं नाही.

पुढच्या शनिवारी बाबांना घेऊन कल्याणला जातोय, त्यांच्या गँगच्या लोकांना भेटायला. त्या दिवशी कोण काय बोललं ते त्यांच्याकडूनच ऐकेन. लॅपटॉप घरी ठेवणार आहे.