उरलेले देऊळ

आमच्या धर्मग्रामातील जुने देऊळ पाडून नवे बांधावे की काय, हा प्रश्न गेली दोन वर्षे आमच्या सभेपुढे आहे. छप्पर गळते, भिंतींना ओल येते, रविवारच्या दुसऱ्या मिस्साला निम्मी माणसे अंगणात उभी असतात. तरुण मंडळींचे म्हणणे चुकीचे आहे असे आम्हांस म्हणवत नाही. निर्णय होईना, तेव्हा आम्ही एक सूचना मांडली. मतदानापूर्वी सभासदांनी एकदा वांद्र्यास जाऊन यावे. मोत मावलीच्या जत्रेला आपण सारेच जातो. परंतु या खेपेस गर्दी ओसरल्यावर जावे, आणि डोंगर चढण्यापूर्वी खाली चिंबई कोळीवाड्याजवळच्या संत आंद्रेच्या देवळात थोडा वेळ बसावे.

हे देऊळ येशूसंघीयांनी 1575 मध्ये स्थापिले. भोवताली वस्ती कोळ्यांची. तेव्हा जाळी टाकून प्रभूमागे गेलेला आंद्रे हाच त्यांचा आश्रयदाता संत ठरावा, यात नवल नाही. 1618 च्या मे महिन्यात या किनाऱ्यावर मोठे चक्रीवादळ झाले आणि साष्टी-वसईतील कित्येक देवळांची छपरे उडाली. त्यातूनही हे देऊळ टिकले. त्याच्या आवारात एक अखंड दगडी क्रूस आहे, सुमारे 17 फूट उंचीचा. प्रभूच्या दुःखसहनाची चिन्हे त्यावर कोरलेली आहेत. तो मूळचा येथला नव्हे. येशूसंघीयांचे सांत आना नावाचे विद्यालय वांद्र्यात होते, तेथला तो. विद्यालय गेले, क्रूस मागे राहिला आणि उरलेल्या देवळाने त्यास आपल्या अंगणात जागा दिली.

'उरलेल्या' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. वांद्र्यातील बाकीची देवळे कोणी पाडली, असे विचारले की आपली माणसे झटकन 'मराठ्यांनी' असे उत्तर देतात. सेमिनरीत असताना आमचीही तीच समजूत होती. चिमाजी आप्पांच्या सैन्याने 1739 मध्ये वसई घेतली, हे खरेच. त्या धामधुमीत साष्टीतील देवळांचे अतोनात नुकसान झाले, हेही खरे. परंतु डोंगरावरील मावलीचे देऊळ मराठ्यांनी पाडलेले नाही. ते आपल्याच ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी पाडले! शत्रूने टेकडी घेतली तर तेथील भक्कम इमारतींच्या आडून तो माहीमच्या खाडीपलीकडे मुंबईवर मारा करील, ही इंग्रजांची धास्ती. त्यांच्या सल्ल्यावरून पोर्तुगीजांनी किल्ला आणि देऊळ दोन्ही जमीनदोस्त होऊ दिले. कारण लष्करी होते, आणि त्या घटकेस ते पटण्यासारखेही असेल. देऊळ पाडण्याची कारणे नेहमीच पटण्यासारखी असतात.

मावलीची मूर्ती त्या गोंधळात समुद्रात गेली आणि पुढे कोळ्यांच्या जाळ्यात सापडली, अशी परंपरा आहे. डोंगरावर छप्पर उरले नव्हते. म्हणून तिला खाली संत आंद्रेच्या देवळात आणून ठेवले. मासे धरणाऱ्यांनी समुद्रातून काढलेली आई मासे धरणाऱ्या संताच्या घरी पाहुणी राहिली. त्या काळी युरोपीय धर्मगुरूंना साष्टी सोडून जावे लागले होते, आणि धर्मग्रामांचा भार गोव्याकडून आलेल्या एतद्देशीय धर्मगुरूंवर पडला होता. बाप्तिस्मे, लग्ने, मयते, सारे त्यांनीच सांभाळले. त्यांच्याविषयी आपण फार थोडे बोलतो.

यानंतरची गोष्ट तर आम्हांस सर्वांत विचार करावयास लावते. मावलीचे देऊळ डोंगरावर पुन्हा उभे राहिले ते 1761 च्या सुमारास. त्या वेळी साष्टीवर अंमल कोणाचा होता? पेशव्यांचा. इंग्रजांनी साष्टी घेतली ती 1774 च्या अखेरीस. म्हणजे जे देऊळ ख्रिस्ती सत्तेने पाडले, ते मराठ्यांच्या राज्यात पुन्हा बांधले गेले. पोर्तुगीज 'मोंत' म्हणजे डोंगर. त्याचे 'मोत' करून लोकांनी मावलीला आपल्या जिभेवर केव्हाच आपलेसे केले होते. आज जत्रेत मेणबत्ती लावणाऱ्यांत जे हिंदू, पारशी, मुसलमान बांधव दिसतात, त्यांचे आपण कौतुक करतो. पण ते या मावलीचे नवे पाहुणे नव्हेत, एवढे लक्षात ठेवावे.

पाद्रोआदो आणि प्रोपागांदा यांच्या भांडणाविषयी येथे लिहीत नाही. एकाच गावात, एकाच श्रद्धेच्या माणसांनी अधिकारासाठी दोन तट केले. त्या काळी जे बोलले गेले ते आठवून लाजच वाटते. 1896 ची प्लेगची साथ आली तेव्हा मात्र गल्लोगल्ली लोकांनी क्रूस उभारले. त्यांतले अनेक वांद्र्याच्या पाखाड्यांत अजून आहेत.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या सभेत आलाच. डोंगरावरचे आजचे देऊळ तरी जुने कोठे आहे? ते 1904 चे. शापूरजी चांदाभॉय या वास्तुविशारदाने जुन्याच्या जागी बांधलेले. 1954 मध्ये त्यास बॅसिलिकेचा मान मिळाला. त्या वेळच्या लोकांनी 1761 ची वास्तू सोडली नसती, तर आज लाखो भाविक मावले असते का? या आक्षेपास आमच्यापाशी सरळ उत्तर नाही.

आमच्यापाशी केवळ एक आठवण आहे. दीक्षेनंतर थोड्याच वर्षांनी आम्ही एका लहान गावात साहाय्यक धर्मगुरू होतो. तेथील मुख्य वेदीमागची लाकडी कोरीव चौकट वाळवीने पोखरली होती. दुरुस्तीचा खर्च मोठा, संगमरवराचा त्याहून कमी. उत्साह आमचाच अधिक होता. चौकट उतरविली, चांगले लाकूड विकले, बाकीचे जाळले. संगमरवरी वेदी सुंदर झाली, बिशपांनी आशीर्वाद दिला. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध आजी पुढे आल्या. नव्या वेदीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "फादर, छान झालंय. पण माझं लगीन जिथं लागलं ते आता नातीला कुठं दाखवू?" आम्ही काही तरी बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही. आजींनी ते ऐकून मान डोलविली, एवढे आठवते.

ठरल्याप्रमाणे सभेचे सभासद वांद्र्यास आले. नव्या देवळाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता आमचा एक बांधकाम कंत्राटदार आहे. मनाचा मोकळा, आणि हिशेबाला चोख. संत आंद्रेच्या अंगणात तो बराच वेळ त्या दगडी क्रूसापाशी थांबला. मग हाताच्या वितीने त्याची जाडी मोजली, मान वर करून उंची पाहिली आणि आमच्याकडे वळून विचारले, "फादर, त्या वेळी क्रेन नव्हती. हा इथं आणला कसा असेल?"

कोणालाच सांगता येईना. मतदान पुढील महिन्यात आहे. तत्पूर्वी भिंती कितपत भार सोसतील हे पाहण्यासाठी तो स्वतःच एका जाणत्या अभियंत्याला घेऊन येणार आहे.