सतरावी चाल

डाव सोडतोय म्हणून मी घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. समोरच्या मुलीने तो नुसता टेकवून सोडला. वय असेल बारा. स्कोअरशीटवर सह्या झाल्या, तिने मोहरी पुन्हा जागच्या जागी लावली आणि कुजबुजत विचारलं, "काका, बाहेर लावायचा का परत?"

खरं तर मला घरी जायचं होतं. हरलेल्या माणसाला आधी घर आठवतं. पण नाही म्हणवेना.

पुण्यातलं एक मंगल कार्यालय. लग्नाच्या हॉलमध्ये पट मांडलेले आणि जिथे पंगती बसतात तिथे डाव संपलेली मंडळी. आत बोलायला बंदी, त्यामुळे सगळं बोलणं इथे साचलेलं. आदल्या दिवशीच्या मठ्ठ्याचा वास अजून टेबलांना होता. एका टेबलावर पट पसरून आम्ही पहिल्या चालीपासून सुरुवात केली. माझा कागद माझ्या हातात होता, तिने तिचा पिशवीतून काढलाच नाही. तिला डाव पाठ होता.

मला घाई होती ती एकतिसाव्या चालीची. माझ्या मते मी तिथेच हरलो होतो. सी३ वरच्या प्याद्यावर तिचे दोन हत्ती आणि एक घोडा रोखलेले. माझ्याकडून त्याला दोन हत्तींचा आणि उंटाचा जोर. हिशोब बरोबर जुळत होता. तरीही मी त्यातला एक हत्ती उचलून जी पट्टीवर नेला, कारण तिच्या राजावर हल्ला चढवायचं स्वप्न पडलं होतं. प्यादं गेलं, त्यामागून दुसरं गेलं, पुढे सांगण्यासारखं काही उरलं नाही. "इथे माती खाल्ली," मी तिला सांगत होतो.

पण ती तिथवर पोहोचायलाच तयार नव्हती. सतराव्या चालीवर थांबून तिने विचारलं, "काका, इथे उंट का दिला?"

ही परिस्थिती जरा नीट सांगायला हवी. माझी प्यादी सी३, डी४, ई३, एफ४ अशी उभी होती, म्हणजे सगळी काळ्या घरांवर. काळ्या घरांचा उंट त्यांच्यामागे डी२ वर कोंडलेला, आपल्याच माणसांनी दार अडवल्यासारखा. पांढऱ्या घरांचा दुसरा उंट मात्र डी३ वर मोकळा, ताजातवाना. तिचा घोडा ई४ वर येऊन बसला होता. माझ्या छावणीच्या तोंडाशी बसलेला तो घोडा मला बघवेना. मी उंटाने घोडा मारला, तिने डी५ वरच्या प्याद्याने उंट मारला. एकास एक, फिटलं, असं मला वाटलं. पण ते प्यादं सरकल्यामुळे डी५ घर मोकळं झालं, आणि तिचा दुसरा घोडा एफ६ वरून थेट तिथे आला. डी५ वरून घोडा कुठे कुठे पाहतो? सी३, ई३, एफ४. माझी तीन प्यादी एकाच घोड्याच्या नजरेत. त्यानंतर जी काही मारामारी झाली तीही बहुतेक मीच केली, आणि शेवटी उरलं काय, तर हत्ती, तिचा तो घोडा आणि माझा कोंडलेला उंट. चांगला उंट मी देऊन टाकला होता आणि वाईट उंट जपून ठेवला होता.

"सी४ करून घोड्याला हाकललं असतं," मी म्हणालो.

"बी५ वर माझं प्यादं आहे ना."

"हो, ते तू चौदाव्या चालीलाच केलं होतंस. इतक्या आधी दिसलं तुला?"

ती हसली. "नाही. ए६ केल्यावर मी बी५ करतेच."

तिच्या या उत्तराने मला जरा बरं वाटलं. मग तिने एक गोष्ट केली जी मी आजवर कोणत्याही जिंकलेल्या माणसाला करताना पाहिली नव्हती. चोविसाव्या चालीवर डाव थांबवून तिने माझं एफ प्यादं एक घर पुढे ढकललं आणि म्हणाली, "हे केलं असतंत तर मी घाबरले असते." जिंकलेल्या डावात आपण कुठे बुडत होतो ते शोधण्यात तिला माझ्यापेक्षा जास्त रस होता. तेवढ्यात तिची आई डबा घेऊन आली आणि आमची बैठक मोडली.

घरी येऊन मी डाव संगणकात भरला. इंजिनने अपेक्षेप्रमाणे एकतिसाव्या चालीला दोन लाल प्रश्नचिन्हं दिली. सतराव्या चालीला फक्त किंचित घसरण, कोणाच्या लक्षातही येऊ नये इतकी. एरवी मला तिथेच पटलं असतं. यंत्र म्हणतंय एकतीस, मी म्हणतोय एकतीस, मग झालं की. पण मला चालीसमोर घड्याळातली वेळ लिहायची सवय आहे. तो कागद पाहिला. एकतिसाव्या चालीला मी एकोणीस मिनिटं घेतली होती. सतराव्या चालीला चाळीस सेकंद.

चाळीस सेकंदांत मी काय विचार केला होता? इंजिनला ते कुठून कळणार! चूक किती खोल ते त्याला कळतं. ती करताना माझ्या पोटात काय होतं ते नाही. मी प्रामाणिकपणे आठवलं. मी विचार केलाच नव्हता. तो घोडा तिथे बसलेला सहन होत नव्हता, एवढंच. मारलं की प्रश्न मिटतो.

मग मी गेल्या दोन वर्षांचे हरलेले डाव काढले. तेवीस निघाले. संगणक बंद ठेवून, पटावर हाताने एकेक लावला. नऊ डावांत हेच. पटावर ताण आला, दोन मोहरी एकमेकांसमोर उभी राहिली, की मी मारामारी करून मोकळा होतो. ती दोघं तशीच चार चाली उभी राहू शकतात, तेवढ्यात आपण दुसरीकडे काही सुधारू शकतो, हे मला सुचतच नाही. वडिलांनी मला बुद्धिबळ शिकवलं ते देशी नियमांनी, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. त्यांचं एक सूत्र होतं: जोर नसलेलं दिसलं की मार, बरोबरीचं असेल तरी मार, पट मोकळा होतो. पट मोकळा होतो खरा. कुणासाठी, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. उगाच वडिलांवर ढकलतो आहे म्हणा. फोनवर अवघड विषय निघाला की "ठेवतो आता" म्हणणारा माणूस मीच, ते काही त्यांनी शिकवलेलं नाही.

त्याच दिवसांत सिंगापूरचा तो डाव पुन्हा लावला. १२ डिसेंबर २०२४, जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीतला चौदावा आणि शेवटचा डाव. गुण साडेसहा-साडेसहा. गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण दोघांकडे हत्ती आणि उंट, आणि बघणारे सगळे बरोबरी धरून बसलेले. ५५व्या चालीला डिंग लिरेनने हत्ती एफ२ वर नेऊन हत्तींची मारामारी देऊ केली. त्याचा उंट तेव्हा ए८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेले, गुकेशने उंट डी५ वर आणला, आणि कोपऱ्यातल्या उंटाला पळायला जागा नव्हती. उंटही जाणार आणि उरलेला प्याद्यांचा शेवट हरलेला. तीन चालींनी डाव संपला. ती चूक गुकेशलाही लगेच दिसली नव्हती, असं त्याने नंतर सांगितलं.

हे सांगताना मला डिंगच्या पंक्तीला बसायचं नाही. पण रात्री साडेअकराला स्वयंपाकघराच्या टेबलावर ती मोहरी मांडली तेव्हा त्या हत्तीची चाल परकी वाटली नाही. चार तासांहून जास्त चाललेला ताण. आता एकदाचं हे मिटू दे.

मिखाईल बोट्विनिक आपल्या डावांची चिरफाड करून ती छापत असे, म्हणजे जगाला त्याच्या चुका दाखवून देता याव्यात. १९५७ साली स्मिस्लोव्हकडून जगज्जेतेपदाचा किताब गेला, १९५८ मध्ये त्याने परत घेतला. १९६० साली तरण्याबांड ताल्हने हरवलं, १९६१ मध्ये पुन्हा परत घेतला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. पेशाने विद्युत अभियंता. बिघाड कुठे आहे हे शोधताना यंत्रावर रागवायचं नसतं, हे त्याला कामातूनच ठाऊक असावं. मला अजून राग येतो. मुलीचा नाही, त्या डी२ वरच्या उंटाचा येतो, जणू तो आपणहून तिथे जाऊन बसला होता.

पुढच्या स्पर्धेत एका बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांशी खेळताना पुन्हा तशीच वेळ आली. मध्यभागी दोन प्यादी आमनेसामने. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलो. अकरा मिनिटं. मारलं नाही, हत्ती शेजारच्या पट्टीवर आणला. सहा चालींनी त्यांनीच कंटाळून मारलं, आणि तो डाव मी जिंकलो. आनंदाने घरी आलो, बायकोला सांगितलं, कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

त्या ड्रॉवरमध्ये फक्त जिंकलेले डाव आहेत, हे मला तेव्हाच जाणवलं. एकही परत लावलेला नाही. काल रात्री तो वरचा कागद काढला. अठ्ठाविसाव्या चालीला त्या गृहस्थांना माझा हत्ती फुकट मिळत होता. त्यांनी बराच वेळ पटाकडे पाहिलं होतं, चष्मा पुसला होता, आणि दुसरंच काहीतरी खेळले होते. मला वाटलं होतं, ते दमलेत.